घरी गाडीचं काम करायला पहिली हत्यारं: डबा नको, काम बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: २०१६ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वॉरंटी कधीच संपली. ऑइल आणि फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड एवढी कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करायची आहेत. ऑनलाइन १०८ नगांचा टूल किट पाच-साडेपाच हजारांत दिसतो. तो घेतला की भागेल का? नसेल तर पंधरा हजारांत काय काय घ्यावं?

तो डबा घेऊ नका. त्यात नगांचा आकडा फुगवायला भरती केलेली असते: तीस-चाळीस स्क्रू बिट, अ‍ॅलन कीचे दोन संच, ४ ते ७ मिमीच्या बारीक गोट्या (सॉकेट). तुमच्या स्विफ्टवर सतत लागणारे आकार जेमतेम सहा आहेत: ८, १०, १२, १४, १७ आणि १९. शिवाय डब्यात जॅक नसतो, घोड्या (उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) नसतात, टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला जातोय ते मोजणारा पाना) नसतो. म्हणजे ज्या तीन वस्तूंवर तुमचा जीव आणि इंजिनाचे आटे अवलंबून आहेत, नेमक्या त्याच डब्याबाहेर राहतात.

पैशाची वाटणी उलट्या बाजूने करा. गाडी जे पेलून धरतं त्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खर्च. मग जे प्रत्यक्ष नट-बोल्टच्या डोक्याला टेकतं ते. मग जे मोजतं ते. बाकी सगळं जुनं, स्वस्त किंवा शेजाऱ्याकडून मागून आणलेलं चालतं. पंधरा हजारांतले पाच-सहा हजार ट्रॉली जॅक आणि घोड्यांना, तीनेक हजार रॅचेट (गोटी फिरवायचा, एकाच दिशेने पकडणारा दांडा) आणि गोट्यांना, हजार-दीड हजार पान्यांना, तीन-चार हजार टॉर्क रेंचला आणि उरलेले किरकोळ सामानाला, असा अंदाज धरा. भाव दुकानागणिक बदलतात, पण हे प्रमाण फारसं बदलू देऊ नका.

जॅक आणि घोड्या

गाडीसोबत आलेला कात्री जॅक रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्यावर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हात घालायलासुद्धा नाही. हायड्रॉलिक ट्रॉली जॅकही फक्त उचलण्यासाठी असतो. आतलं सील गळलं की तो हळूहळू किंवा एकदम बसतो, आणि कधी बसेल ते सांगता येत नाही. उचलल्यावर गाडी घोड्यांवर ठेवायची आणि मगच खाली जायचं. विटा, सिमेंटचे ब्लॉक वापरू नका. ते दाबाखाली वाकत नाहीत, एका क्षणात फुटतात.

स्विफ्ट हजार किलोच्या आतबाहेर आहे आणि तुम्ही एका वेळी एकच टोक उचलणार, म्हणून २ टनी जॅक आणि २ टनी घोड्यांची जोडी पुरते. घोड्यांवर लिहिलेलं वजन एका नगाचं आहे की जोडीचं, हे मात्र वाचून घ्या. आणखी एक गणित दुकानातच करा. २ टनी घोडीची कमीत कमी उंची साधारण २७-२८ सेमी असते. लहान ट्रॉली जॅक जास्तीत जास्त ३३ सेमीपर्यंत उचलतो. मधल्या चार-पाच सेमीत घोडी सरकवणं जिकिरीचं होतं, कारण चाक लोंबत असताना स्प्रिंगही थोडी उंची खाते. त्यामुळे ३८-४० सेमी उचलणारा जॅक मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी तो घ्या.

घोड्या घेताना दातांचा सांधा बघा. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या साखळीला आपल्या ३ आणि ६ टनी घोड्या मोठ्या संख्येने परत मागवाव्या लागल्या होत्या, कारण भार असताना खाचेत अडकलेली जीभ सुटू शकत होती. नवी घोडी दुकानात उभी करा, दांडा वर ओढा, प्रत्येक दातात जीभ पूर्ण खोल बसते का ते पाहा, वेल्डिंग नीट बघा. भोकातून आरपार खिळ घालायची सोय असलेली घोडी मिळाली तर तीच उत्तम.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक अडचण हमखास येते ती पेव्हर ब्लॉकची. ट्रॉली जॅकचा हात वर्तुळाच्या कमानीत वर जातो. म्हणजे गाडी उचलली जात असताना जॅकला चाकांवर थोडं पुढे सरकावंच लागतं. ब्लॉकच्या फटीत त्याचं लोखंडी चाक अडकलं की जॅक सरकत नाही, आणि मग त्याची वाटी गाडीच्या बुडाखालून निसटते. उपाय सोपा: १८ मिमी जाडीच्या प्लायवूडचा तुकडा जॅकखाली आणि दोन छोटे तुकडे घोड्यांखाली. उन्हात तापलेल्या डांबरावर घोडीचे पाय रुततात, तिथेही हेच प्लाय कामी येतं. उतारावर आणि मातीवर काम करायचं नाही.

कुठे टेकवायचं? दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या पट्टीला पुढच्या चाकामागे दोन खाचा असतात, त्यांच्या मधली जागा मजबूत केलेली असते. खाच असलेला रबरी ठोकळा जॅकच्या वाटीत ठेवा, नाहीतर पट्टी वाकते आणि रंग उडून तिथून गंज सुरू होतो. पण जॅकच त्या जागी लागला तर घोडी कुठे ठेवायची, हा नवशिक्यांचा नेहमीचा पेच असतो. मॅन्युअलमध्ये पुढच्या मधोमध असलेला उचलण्याचा बिंदू दाखवलेला असेल तर जॅक तिथे लावा आणि दोन्ही घोड्या पट्टीखाली ठेवा. ऑइलच्या चेंबरखाली किंवा मोकळ्या पत्र्याखाली जॅक लावला तर तो चेपतो.

मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. पुढचा भाग उचलताना तो उपयोगी, मागचा भाग उचलताना बिनकामाचा. घोड्यांवर गाडी बसली की खाली जाण्याआधी हाताने बाजूने चांगली हलवून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीच्या आत सरकवून ठेवा.

आकार कोणते आणि का

जपानी वळणाच्या गाड्यांत (मारुती, टोयोटा, होंडा) ६ मिमीच्या बोल्टचं डोकं १० मिमीचं, ८ मिमीच्या बोल्टचं १२चं, १० मिमीच्या बोल्टचं १४चं आणि १२ मिमीच्या बोल्टचं १७चं असतं. ह्युंदाईही बरीचशी याच माळेतली. जर्मन वळणात ८ मिमीच्या बोल्टला १३चं आणि १० मिमीच्या बोल्टला १६ किंवा १७चं डोकं येतं, म्हणून पोलो किंवा रॅपिडवाल्याला १३, १६, १८ आणि वर टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचे) बिट लागतात. टाटा-महिंद्रात १० आणि १३ भरपूर दिसतात. चाकाचे नट मारुती आणि होंडाला १९चे, ह्युंदाई आणि टोयोटाला बहुधा २१चे. पोलोला नट नसून १७चे बोल्ट असतात. तुमची स्विफ्ट आहे तोवर १३, १५, १६, १८ नसले तरी फारसं अडणार नाही. एक अपवाद प्लगचा, तो खाली येतो.

गोट्या घेताना सहा कोनांच्या घ्या, बारा कोनांच्या नको. बारा कोनांची गोटी बोल्टच्या डोक्याला कोपऱ्यांजवळ धरते, सहा कोनांची सपाट बाजूंवर. बोल्ट नवा असेल तर फरक जाणवत नाही. गंजलेल्या १२च्या बोल्टवर जाणवतो, आणि डोकं एकदा गोल झालं की दहा मिनिटांचं काम अख्ख्या रविवारचं होतं.

आपल्याकडे दुकानात अर्ध्या इंची ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे रॅचेटच्या चौकोनी खुंटीचं माप) संच सहज पुढे केला जातो. ट्रकवाल्यांची आणि गॅरेजची मागणी तशी असते. छोट्या गाडीला मात्र तीन-अष्टमांश इंची ड्राइव्ह हाच मुख्य संच असू द्या: ८ ते १९ च्या गोट्या, त्यातल्या १०, १२ आणि १४ च्या लांब गोट्याही, ७५ आणि १५० मिमीचे एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट. रॅचेट ७२ दातांचा घ्या. २४ दातांचा रॅचेट पुढचा दात पकडायला १५ अंश फिरवावा लागतो, ७२ दातांचा ५ अंश. इंजिन आणि फायरवॉल (इंजिनामागची पत्र्याची भिंत) यांच्या मधल्या फटीत हात दहा अंशसुद्धा फिरत नाही, तिथे हा फरक कळतो.

अर्ध्या इंचीतल्या फक्त तीन गोष्टी घ्या: ४५ ते ६० सेमीचा साधा दांडा, ज्याला ब्रेकर बार म्हणतात, आणि १७ व १९ची गोटी. घट्ट नट सोडवायचं काम दांड्याचं. रॅचेटवर पाइप घालून जोर लावला तर आतले दात तुटतात, आणि तुटतात तेव्हा हात थेट जवळच्या धारदार पत्र्यावर आपटतो.

पान्यांचं एक गणित दुकानदार सांगत नाही. दोन्हीकडे तोंड असलेल्या फिक्स पान्यांचा संच ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ असा येतो. म्हणजे प्रत्येक आकाराचा पाना एकच. बोल्टचं डोकं आणि पलीकडचा नट दोन्ही १४चे असले की एक हात रिकामा. म्हणून एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला उघडं तोंड असलेले कॉम्बिनेशन पाने घ्या, ८ ते १९. पलीकडची बाजू गोटी सांभाळेल. उघडं तोंड फक्त रिंग जात नाही तिथेच वापरायचं, कारण जोर आला की तोंड फाकतं. आणि पाना शक्यतो स्वतःकडे ओढा. ढकलायचीच वेळ आली तर मूठ न वळता तळव्याने ढकला, म्हणजे निसटल्यावर बोटांची हाडं वाचतात.

१०च्या बोल्टला जोर किती लागतो

एअर फिल्टरचा डबा, इग्निशन कॉइल, बॅटरीचा क्लॅम्प, सगळीकडे १०च्या डोक्याचे ६ मिमी बोल्ट आहेत. त्यांना लागतो साधारण १० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप). २५ सेमी लांब रॅचेटच्या टोकाला हे म्हणजे फक्त ४ किलोचा जोर. माणूस सहज एका हाताने २० किलोने ओढतो. म्हणजे लागतो त्याच्या पाचपट, आणि बोल्ट बसलाय अ‍ॅल्युमिनियममध्ये. मग एकतर बोल्ट तुटतो, नाहीतर आटे भुशासारखे बाहेर येतात. असे छोटे बोल्ट आधी गोटी आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरवून दोन-तीन आटे पकडेपर्यंत बसवा. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरका लागलाय, उलटा काढा आणि पुन्हा लावा. शेवटी रॅचेटचं डोकं तळव्यात धरून, दांडा लांब न पकडता, टाइट करा.

उलट चूक चाकाच्या नटावर होते. ३० सेमीच्या व्हील स्पॅनरवर ७० किलोचा माणूस उभा राहिला की २०० न्यूटन-मीटरच्या वर जातं. मारुतीच्या मॉडेलनुसार हवे असतात ८५ ते १००. स्टड ताणला जातो, आणि पुढच्या वेळी पंक्चर काढताना रात्री हायवेवर नट सुटत नाही.

म्हणून टॉर्क रेंच, आणि तो चैनीची वस्तू समजून पुढे ढकलू नका. इथे एक निवड विचारपूर्वक करा. बहुतेकजण अर्ध्या इंची, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा घेतात, चाकांसाठी. पण तुमची निम्मी कामं त्याच्या खालची आहेत: प्लगला पंचविसेक, ड्रेन बोल्टला ३५ च्या आसपास, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिनला त्याच पट्ट्यात. तीन-अष्टमांश इंची, २० ते ११० न्यूटन-मीटरचा रेंच घेतला तर स्विफ्टची ही सगळी कामं एकाच हत्यारात बसतात, चाकाच्या १०० सह. पोलोवाल्याला चाकाला १२० लागतात, त्याला अर्ध्या इंचीच घ्यावा लागेल.

वापरायची पद्धत: क्लिक झाला की थांबा, खात्रीसाठी दुसरा-तिसरा क्लिक घेऊ नका, प्रत्येक क्लिकला नट थोडा पुढे जातो. नट सोडवायला हा रेंच वापरायचा नाही. काम झालं की सेटिंग पट्टीच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याहून खाली नाही. मॅन्युअलमधले आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. चाकाच्या स्टडला ग्रीस लावून तोच आकडा दिला तर स्टड जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये (kgf-m) दिला असेल तर न्यूटन-मीटरसाठी ९.८ने गुणा.

स्क्रू ड्रायव्हर आणि बाकीचं

स्विफ्टमध्ये प्लसचा स्क्रू दिसला की डोक्यावर एक छोटा ठिपका आहे का बघा. ठिपका म्हणजे जपानी मानकाचा स्क्रू. नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरच्या टोकाला उतार असतो. तो या स्क्रूत पूर्ण खाली टेकत नाही, जोर आला की वर उचलला जातो आणि खाच खरवडतो. जपानी मानकाचा २ नंबरचा एक ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो, तो घ्या. हट्टी स्क्रूवर ड्रायव्हर खोचून मागून हातोडीची एक टिचकी द्या, मग फिरवा. बाकी दोन चपटे ड्रायव्हर, एक लांब आणि एक जाड, पुरेत.

पक्कड, नोज प्लायर आणि २५० मिमीचा वॉटर पंप प्लायर घ्या. टपारियाचा कारखाना नाशिकच्या सातपूरचा, आणि पक्कड घ्यायची तर त्यांची डोळे झाकून घ्या. पाने-गोट्यांत टपारिया, ईस्टमन, डी नीर्स, जेके यांतलं जे हातात बसेल ते. नक्कल मात्र भरपूर आहे. कडा गुळगुळीत नसतील, आकड्यांचा ठसा उथळ असेल किंवा क्रोमखाली फोड दिसत असतील तर ठेवून द्या.

बंपरच्या आणि खालच्या प्लास्टिक कव्हरच्या क्लिपा उचकटायला प्लास्टिकची पट्टी घ्या, आणि त्याच क्लिपा पाच-सात जादा आणून ठेवा. जुन्या क्लिपा तुटणार हे धरूनच चाला. अर्धा किलोची हातोडी, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, डोक्याला बांधायची बॅटरी, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. खाली झोपल्यावर सगळ्यात आधी माती डोळ्यात पडते. मोबाइलने खोलण्याआधी फोटो काढा आणि बोल्ट खोलण्याच्या क्रमाने बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवत जा. चुंबकाचा ट्रे घेतला तर उत्तम, नाही घेतला तरी काम अडत नाही.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र? २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो आणि हजाराच्या आतला ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर इंजिनाचे कोड वाचतो. उपयोगी आहे, पण पहिल्या खरेदीत नको.

आता काम काम घेऊन बघू, कारण हत्यार कुठे लागतं आणि कुठे फसवतं ते त्यातच कळतं.

ऑइल. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, कढत नको. वरचं ऑइलचं झाकण आधी उघडा. खाली गेल्यावर इंजिनाचा ड्रेन बोल्ट आणि गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट यांत गल्लत होऊ देऊ नका. ती झाली तर गिअरबॉक्स कोरडा राहतो आणि इंजिनात आधीच्या ऑइलवर नवीन ऑइल पडतं. गाडी सुरू होते, थोडी चालते, आणि मग दोन्ही बिघडतात. इंजिनाचा बोल्ट ऑइल फिल्टर असलेल्या इंजिनाच्या खालच्या चेंबरला असतो. त्याचा आकार आधी मोजून ठेवा. छोट्या गाड्यांत १४, १७ किंवा १९ असतो. वॉशर दर वेळी नवा. जुना आधीच दाबला गेलेला असतो, तो पाझरू लागला की लोक बोल्ट आणखी आवळतात आणि चेंबरचे आटे जातात.

फिल्टरसाठी कपसारखा रेंच लागतो. आधी नवीन फिल्टर विकत आणा, त्याच्या तोंडाचा व्यास आणि पैलू मोजा आणि मग तेवढाच कप घ्या. हा फक्त सोडवायला. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग त्यासोबतच आली का, हे बोट फिरवून पक्कं करा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तर गाडी सुरू केल्यावर दाबाने सगळं ऑइल काही सेकंदांत जमिनीवर येतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, तिथून पाऊण फेरा. छोट्या पेट्रोल इंजिनांना ३ लिटरच्या आसपास लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, थोडं कमी भरा, डिपस्टिक बघत पुरं करा. ऑइल धरायला ६-८ लिटरचा पसरट टब हवा. जुनं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. गटारात नाही, नवीन ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या.

प्लग. या इंजिनात प्लग खोल विहिरीत आहे आणि त्याला १६ मिमीची, आत रबर किंवा चुंबक असलेली लांब गोटी लागते. हा तो अपवाद. रबराशिवाय प्लग विहिरीतून वर येत नाही, आणि नवा खाली सोडताना पडला तर त्याची फट मिटते. इंजिन पूर्ण गार हवं. गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग काढताना आटे ओढले जातात. कॉइल काढल्यावर आधी विहिरीत हवा मारा, सायकलचा पंपही चालतो, नाहीतर तळाची वाळू थेट सिलिंडरमध्ये. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हाताने फिरवा: तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. टॉर्क रेंच नसेल तर टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, तोही नव्या वॉशरच्या प्लगलाच. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक दाबून ओढा. वायर धरून ओढली तर जुनं प्लास्टिक तुटतं.

ब्रेक पॅड. हत्यारांच्या दृष्टीने सोपं, निष्काळजीपणाला अजिबात जागा नसलेलं. १५ सेमीचा सी-क्लॅम्प, १२ किंवा १४ची गोटी, वायरचा तुकडा. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी नमुना म्हणून तशीच असू द्या. कॅलिपर होजवर लोंबू देऊ नका, वायरने स्प्रिंगला बांधा. पिस्टन दाबण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी बघा: मधे कुणी वरून भरलं असेल तर दाबताना ऑइल उतू जातं आणि रंग खातं. पिनांवर ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दोन-तीन वेळा पेडल सरळ तळाला जातं. पार्किंगच्या उतारावर हे लक्षात यायला उशीर झालेला असतो.

बॅटरी. १०चा पाना पुरतो. आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना तो शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवत असताना पाना बॉडीला टेकला तर संपूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते; निगेटिव्ह सुटलेला असेल तर काहीच होत नाही. हातातली अंगठी आणि घड्याळ याच कारणासाठी काढून ठेवा. बॅटरी बदलण्याआधी साध्या मल्टिमीटरने मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसत असेल तर अल्टरनेटर चार्ज करतोय. तेवढं दिसत नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, तीही उतरणार. जंपर केबल घेणार असाल तर वायरचं टोक सोलून बघू द्या म्हणावं. स्वस्त केबलमध्ये जाड रबराच्या आत बऱ्याचदा बारीकशी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. निदान १६ चौरस मिमी तांबं हवं.

खरेदी कुठे? मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं ओळीने आहेत, पुण्यात सुटे भाग नाना पेठेत. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुने पाने, हातोड्या, सी-क्लॅम्प तिथून खुशाल घ्या. पाना घेताना तोंड फाकलंय का, हे खिशातल्या नव्या बोल्टवर लावून बघा, आणि इंची आकाराचा पाना मिमी समजून आणू नका. जॅक, घोड्या आणि टॉर्क रेंच मात्र जुने कधीच नाही.

कोकणात किंवा किनाऱ्याला गाडी असेल तर खालचे बोल्ट हाताशी येतीलच असं धरू नका. आदल्या रात्री वायर ब्रश मारून स्प्रे टाका, सकाळी पुन्हा टाका, मग सहा कोनांच्या गोटीने आधी थोडं टाइट आणि मग सैल, असं हळूहळू हलवा. हत्यारांवरही पावसाळ्यात तेलाचं फडकं फिरवा.

सस्पेन्शनची स्प्रिंग दाबणं, एअरबॅगच्या वायरी, एसीचा गॅस, पेट्रोलची लाइन आणि टायमिंग चेन ही कामं मेकॅनिककडे जाऊ द्या. ब्रेकच्या पाइपचे नट, जे १०चे आणि मऊ असतात, तेही साध्या पान्याने सोडवू नका. ब्रेक ऑइल बदलायला शिकायचं ठरलं की फ्लेअर नट पाना (पाइपच्या मऊ नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा), निपलसाठी (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) लागणारा ८ किंवा १०चा रिंग पाना आणि पारदर्शक नळी एवढं घ्या, पण वरच्या चारही कामांत हात बसल्यावर, आणि पहिल्या वेळी पेडल दाबायला दुसरा माणूस सोबत असतानाच.